शंभर रुपये एक पैसा

एमआरपी १०० रुपये. जीएसटी १८ टक्के, तोही किमतीतच धरलेला. करपात्र रक्कम काढायला शंभराला १.१८ ने भागलं की ८४.७४५७ असं लांबत जाणारं उत्तर येतं. दोन दशांशांत ८४.७५. त्यावर ९ टक्के सीजीएसटी (केंद्राचा वाटा) ७.६३ आणि ९ टक्के एसजीएसटी (राज्याचा वाटा) ७.६३. आता बेरीज करा. १०० रुपये १ पैसा.

दुकानदाराला या गणितात रस नसतो. डब्यावर १०० छापलंय, गिऱ्हाईकाने १०० दिलेत आणि कागद १००.०१ म्हणतोय. तो सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावतो आणि संध्याकाळी सातच्या गर्दीत विचारतो, “साहेब, हा एक पैसा कोणाच्या खिशातून घालू?”

“सतत शिकत राहा” हा सल्ला प्रोग्रॅमरला आणि धंदा करणाऱ्याला इतक्या वेळा मिळतो की तो कानावरून जातो. काय शिकायचं, कधी शिकायचं आणि काय खुशाल सोडून द्यायचं, हे मात्र सल्ला देणारा सांगत नाही. त्यामुळे शिकणं म्हणजे दर सहा महिन्यांनी नवी फ्रेमवर्क, नवा कोर्स, अर्ध्यावर सोडलेले व्हिडिओ असा अर्थ होऊन बसतो. हा प्रश्न हवेत सोडवण्यापेक्षा एका बिलावर सोडवलेला बरा. किराणा, मेडिकल, कापड दुकानांसाठी बिलिंग सॉफ्टवेअर करणाऱ्या दोन-तीन माणसांच्या कंपन्या महाराष्ट्रात जागोजागी आहेत. तिथे कोड लिहिणारा आणि धंद्याचा मालक बहुधा एकच असतो. त्याला काय काय शिकावं लागतं ते पाहू.

आधी तो पैसा. बहुतेकजण इथे ‘राउंड ऑफ’ नावाची एक ओळ घालून मोकळे होतात. बिल जुळतं, पण कारण कळत नाही. कारण सोपं आहे. १०० मधून ८४.७५ गेले की उरतात १५.२५, म्हणजे १५२५ पैसे. हा विषम आकडा आहे. सीजीएसटी आणि एसजीएसटी सारखेच हवेत, आणि दोन सारख्या पूर्णांकांची बेरीज नेहमी सम येते. १५२५ चे दोन सारखे वाटे पैशांत होऊच शकत नाहीत. म्हणजे ही चूक अधूनमधून होणारी नाही. जिथे जिथे किमतीतून गोल केलेली करपात्र रक्कम वजा केल्यावर विषम पैसे उरतील तिथे तिथे ती होणार, जवळपास निम्म्या किमतींना. उपाय क्रम उलटा करण्यात आहे. आधी एका कराचे पैसे काढायचे (७६३), त्याची दुप्पट करायची (१५२६) आणि ती किमतीतून वजा करून जे उरेल ती करपात्र रक्कम धरायची: ८४.७४. तिच्यावर ९ टक्के काढून पाहा, ७.६३ च येतात.

याच्या शेजारीच दुसरा खड्डा आहे. अशाच तीन वस्तू बिलात असतील तर ओळीओळीने काढलेला सीजीएसटी ७.६३ गुणिले ३, म्हणजे २२.८९. तीनशेवर एकदम काढला तर २२.८८. दोन्ही पद्धतींच्या बाजूने बोलता येतं. घोटाळा होतो तो स्क्रीनवर एक पद्धत, छापील बिलात दुसरी आणि महिन्याच्या रिपोर्टात तिसरी वापरल्यामुळे, कारण तीन वेगळ्या माणसांनी तीन वेगळ्या वर्षी ते कोड लिहिलेले असतात. हिशेब एकाच फंक्शनमध्ये व्हावा आणि बाकी सगळ्यांनी त्याचं उत्तर फक्त वाचावं. हे कळायला कुठलंही नवं तंत्रज्ञान लागत नाही.

त्याखाली आणखी एक थर आहे. ०.१ अधिक ०.२ केले की जावास्क्रिप्ट ही प्रोग्रॅमिंगची भाषा ०.३०००००००००००००००४ दाखवते, कारण संगणक हे आकडे द्विमान पद्धतीने साठवतो आणि एक दशांश त्या पद्धतीत नेमका बसतच नाही, जसा एक तृतीयांश आपल्या दशमान पद्धतीत बसत नाही. १.००५ ला १०० ने गुणलं की १००.५ ऐवजी १००.४९९९ असं काहीतरी येतं आणि गोल करताना ते वर जाण्याऐवजी खाली येतं. गोल करण्याच्या रीतीही वेगळ्या आहेत. पायथनमध्ये २.५ गोल केले की २ मिळतात, कारण तिथे निम्म्यावरचा आकडा जवळच्या सम संख्येकडे जातो. जावास्क्रिप्टमध्ये आणि एक्सेलमध्ये ३ मिळतात. म्हणून रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून साठवावी, नाहीतर डेटाबेसमधला डेसिमल प्रकार वापरावा.

ही सगळी माहिती कधीची? अपूर्णांक साठवण्याच्या या पद्धतीचं मानक १९८५ चं. ज्याने ते तेव्हा समजून घेतलं त्याला त्यानंतरच्या प्रत्येक भाषेत ते उपयोगी पडलं. उलट उदाहरण फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस-भाषेचं. आपल्याकडे कित्येक वर्षं बिलिंग म्हणजे फॉक्सप्रो किंवा व्हिज्युअल बेसिक ६ असंच समीकरण होतं. व्हिज्युअल बेसिक ६ आलं १९९८ मध्ये, व्हिज्युअल फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती २००४ ची. त्या आज्ञा ज्यांना तोंडपाठ होत्या त्यांचं ते पाठांतर वाया गेलं. पण टेबलं कशी तोडायची, एकच माहिती दोन ठिकाणी का ठेवायची नाही, इंडेक्स कुठे लावायचा आणि कुठे लावला तर नोंद करणंच मंदावतं, हे ज्यांना फॉक्सप्रोमधून कळलं त्यांचं काहीच वाया गेलं नाही. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉडने टेबलांची ती कल्पना १९७० मध्ये मांडली, एसक्यूएलचं पहिलं मानक १९८६ मध्ये आलं, आणि आजही दुकानाचा डेटा त्याच भाषेत विचारला जातो.

म्हणून कुठलीही गोष्ट शिकायला घेण्याआधी तिचं वय विचारावं. जी तीस-चाळीस वर्षं टिकली आहे ती तुमच्या कामाच्या आयुष्यातही बहुधा टिकेल. तिच्यावर महिना घालवला तरी चालतो. जी तीन वर्षांची आहे ती काम पडेल तेव्हा, कामापुरती शिकावी. अँग्युलरजेएस या वेबपानांच्या फ्रेमवर्कवर ज्यांनी प्रकल्प उभारले त्यांचा अधिकृत आधार ३१ डिसेंबर २०२१ ला संपला. ते शिकणं चूक होतं असं नाही, त्यावर पगार निघाले. पण त्यातलं काय राहील आणि काय जाईल हे आधी ओळखता येत होतं.

टिकाऊ थर म्हणजे न बदलणारा थर, असं मात्र समजू नये. मराठीचंच घ्या.

‘लक्ष्मी’ हे गिऱ्हाईकाचं नाव. आपल्याला दिसतात दोन अक्षरं: ल आणि क्ष्मी. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिपींना संकेत देणाऱ्या मानकात, ते सात संकेत आहेत: ल, क, हलन्त, ष, हलन्त, म, दीर्घ ईकार. ते साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक संकेताला तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण २१. आता ‘नाव पाच अक्षरांवर कापा’ असं लिहिलं तर कागदावर ‘लक्ष्’ छापून येतं, शेवटी पाय मोडलेलं. दिसणाऱ्या अक्षरांवर कापायचं म्हटलं तरी गंमत आहे. युनिकोडच्या अक्षर तोडण्याच्या जुन्या नियमाने या नावाचे चार तुकडे पडायचे, कारण हलन्तानंतर तुकडा तुटत असे. सप्टेंबर २०२३ च्या १५.१ या आवृत्तीत नियम सुधारला आणि देवनागरी जोडाक्षरं अखंड धरली जाऊ लागली. आता तुकडे दोन. एकच कोड जुन्या लायब्ररीवर ४ सांगतो आणि नव्या लायब्ररीवर २. ज्याची चाचणी ‘४’ वर बेतलेली असेल त्याचं सॉफ्टवेअर लायब्ररी अद्ययावत केल्यावर ‘बिघडतं’, आणि खरं तर तेव्हाच ते सुधारलेलं असतं.

नाव शोधण्याचा घोळ याहून खट्याळ आहे. ‘कऱ्हाड’ लिहिताना कोणी ऱ हे नुक्त्याचं अक्षर, हलन्त आणि ह टाइप करतं. कोणी साधा र, हलन्त, मग न दिसणारा जोडक आणि ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. शोधयंत्राला ते दोन वेगळे शब्द आहेत, आणि युनिकोडची स्वतःची सारखं करण्याची प्रक्रियाही त्यांना एक करत नाही. ‘ॲड.’ मधल्या ॲ चंही तसंच. त्याला स्वतंत्र संकेत २००८ मध्ये, ५.१ आवृत्तीत मिळाला. त्याआधी, आणि अनेक कीबोर्डांवर त्यानंतरही, अ आणि चंद्र वेगवेगळे टाइप झाले. वकिलांची यादी असलेल्या कुठल्याही मराठी सॉफ्टवेअरमध्ये निम्मे ॲडव्होकेट एका ठिकाणी आणि निम्मे दुसऱ्या ठिकाणी लावलेले सापडतील. उपाय हाताने करायचा: नाव दाखवण्यासाठी जसंच्या तसं ठेवायचं, पण शेजारी शोधासाठी दुसरा रकाना ठेवायचा. त्यात न दिसणारे जोडक काढून टाकायचे, ऱ चा र करायचा, अ आणि चंद्राचा ॲ करायचा. आणि गिऱ्हाईक जे टाइप करेल त्यावरही तोच संस्कार करून मग जुळवायचं. हा नियम कुठल्याही परदेशी कोर्समध्ये मिळणार नाही. तो मराठी माणसानेच शिकायचा आणि मराठी माणसालाच सांगायचा.

डेटाबेसमध्येही एक सापळा आहे, आणि तो वर्षानुवर्षं झोपून राहतो. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ज्याला नुसतं यूटीएफ-८ म्हटलं जाई ते फक्त तीन बाइटांपर्यंतचे संकेत घेई. देवनागरी नेमकी तीन बाइटांची, त्यामुळे सगळं मजेत चालतं. मग एखादा दुकानदार ‘श्री गणेश स्टोअर्स’ पुढे फुलाची इमोजी लावतो. तिला चार बाइट लागतात आणि नोंद फेटाळली जाते किंवा इमोजीपासून पुढचं तुटतं. पूर्ण चार बाइटांचा प्रकार २०१० पासून आहे, पण जुनी टेबलं कोणी आपणहून बदलत नाही.

छापणं हा अजून एक धडा. काउंटरवरचे स्वस्त थर्मल प्रिंटर रोमन अक्षरं स्वतः छापतात, देवनागरी बहुधा नाही. ऱ्हस्व इकार साठवताना व्यंजनानंतर येतो आणि दिसताना आधी, जोडाक्षरांचे आकार बदलतात. हे जुळवण्याचं काम त्या छोट्या प्रिंटरच्या आवाक्याबाहेरचं. म्हणून ओळ आधी संगणकावर चित्र म्हणून काढायची आणि ठिपक्यांच्या रूपात पाठवायची. ५८ मिलिमीटर कागदावर छपाईची रुंदी ४८ मिलिमीटर, म्हणजे ३८४ ठिपके. ८० मिलिमीटरच्या कागदावर ५७६. अक्षर २० ठिपक्यांहून लहान केलं की अनुस्वार आणि मात्रा एकमेकांत मिसळतात, आणि ‘तेल’ आहे की ‘तल’ हे गिऱ्हाईकाने ओळखायचं. चित्र पाठवलं की छपाई मंदावते, म्हणून वस्तूंची नावं मराठीत आणि आकडे प्रिंटरच्या स्वतःच्या अक्षरांत अशी सरमिसळ काहीजण करतात. ती दिसायला फार सुंदर नसते, पण रांग पुढे सरकते.

आता टिकाऊ आणि अल्पायुषी यांच्यापलीकडचा तिसरा प्रकार. या ज्ञानाला आयुष्य म्हणण्यापेक्षा तारीख असते म्हणणं बरं.

३ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी परिषदेने दर बदलल्याची बातमी आली. अधिसूचना निघाली १७ सप्टेंबरला. दर लागू झाले सोमवारी, २२ सप्टेंबरला, ऐन घटस्थापनेच्या दिवशी. म्हणजे कायद्याची अधिकृत भाषा हाती आल्यापासून दुकानाचं शटर वर जाईपर्यंत पाच दिवस. बातमी सांगत होती की १२ आणि २८ हे टप्पे गेले, आता ५ आणि १८, आणि काही मोजक्या वस्तूंना ४०. बातमीवर विसंबून ज्याने ‘जिथे १२ तिथे ५’ अशी एक आज्ञा डेटाबेसवर चालवली त्याचं तूप बरोबर आलं, कारण ते १२ वरून ५ वर आलं होतं. वह्या चुकल्या, त्यांचा कर शून्य झाला होता. तीन हजारांचा शर्टही चुकला, तो १२ वरून १८ वर गेला होता. कपड्यांना नगामागे २५०० रुपयांपर्यंत ५ टक्के, त्यावर १८. याचा पुढचा पदर आणखी मजेशीर: कर न धरता २६०० किंमत असलेल्या कुर्त्यावर दुकानदाराने २०० रुपये सूट दिली की विक्रीची किंमत २४०० होते आणि दर १८ वरून ५ वर येतो. म्हणजे दर हा वस्तूला चिकटवलेला आकडा नाहीच. तो वस्तू, किंमत आणि तारीख या तिन्हींवरून ठरतो. ज्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये दर हा वस्तूच्या टेबलातला एक रकाना होता त्यांनी त्या आठवड्यात फोन घेतले. ज्यांच्याकडे ‘अमुक तारखेपासून, अमुक किमतीपर्यंत, अमुक दर’ असं वेगळं टेबल होतं त्यांनी चार ओळी वाढवल्या.

माल परत येतो तेव्हाही हेच आडवं येतं. २० सप्टेंबरला १८ टक्क्यांनी विकलेली शाम्पूची बाटली २५ ला परत आली तर क्रेडिट नोट १८ टक्क्यांनीच व्हायला हवी, आजच्या ५ ने नाही. म्हणून बिलाच्या प्रत्येक ओळीत त्या दिवशीचा दर कायमचा लिहून ठेवायचा. मूळ टेबलातून तो पुन्हा शोधायचा नाही.

आणि माल आधी गेला, बिल नंतर निघालं, पैसे मध्येच कधीतरी आले, तर कोणता दर? याचं उत्तर सीजीएसटी कायद्याच्या कलम १४ मध्ये आहे. माल देणं, बिल आणि पैसे या तीन घटनांपैकी ज्या बाजूला दोन, त्या बाजूचा दर. कलमाची भाषा जड आहे, त्यात सहा पोटप्रकार आहेत, पण कागदावर तीन चौकोन काढून सहाही शक्यता मांडल्या की अर्ध्या तासात तो ‘तीनपैकी दोन’ नियम स्वतःच वर येतो. हा अर्धा तास फॉरवर्ड झालेल्या दहा संदेशांहून जास्त देतो. मूळ मजकूर वाचायची सवय प्रोग्रॅमरला कोडच्या बाबतीत असते. लायब्ररी विचित्र वागली तर तो तिचा सोर्स उघडतो. तोच माणूस कायद्याच्या बाबतीत व्हॉट्सॲपवर का विसंबतो, हे कोडं आहे. सीए हवाच, पण सीएला विचारायचा प्रश्न नेमका असेल तर उत्तरही नेमकं मिळतं. “दर बदलले, काय करू?” याला उत्तर नाही. “माल १९ ला गेला, बिल २४ ला, पैसे २१ ला अर्धे आणि ३० ला अर्धे, अर्ध्या रकमेला जुना दर ना?” याला आहे.

एआयकडून कोड लिहून घेणं आता रोजचं झालंय, त्याबद्दल नाक मुरडण्यात अर्थ नाही. पण त्याला शंभर रुपयांच्या बिलाचा कोड मागा. तो नीटनेटका कोड देईल, चार आकड्यांवर तो चालेलही, आणि विषम पैशांची गोष्ट विचारल्याशिवाय बहुधा निघणार नाही. ज्या मॉडेलचं प्रशिक्षण सप्टेंबर २०२५ च्या आधी थांबलं ते तुपाचा दर १२ सांगेल, आणि तेही ठामपणे. म्हणून त्याच्याकडून दर घेऊ नयेत आणि उत्तरापेक्षा चाचण्या मागाव्यात. एक रुपयापासून हजार रुपयांपर्यंत प्रत्येक पैशाची किंमत, प्रत्येक दर, आणि करपात्र अधिक दोन कर बरोबर किंमत होते का, एवढीच तपासणी. तीस ओळींचा कोड, काही क्षणांत लाखभर किमती. जिथे फसेल तो आकडा हातात घ्यायचा आणि का फसला ते स्वतः कागदावर सोडवायचं. शिकणं तिथे घडतं, कोड उमटताना नाही.

आणि विसरणंही घडतंच. मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउसने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्याने निसटतं आणि मग निसटण्याचा वेग मंदावतो. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा पुन्हा वाचायला लावला आणि दुसरा न बघता आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचलेलं जास्त आठवलं. दोन दिवसांनी आणि आठवड्याने आठवून लिहिलेलं जास्त टिकलं. व्हिडिओ पाहताना सगळं समजल्यासारखं वाटतं ते या पहिल्या पाच मिनिटांमुळे.

यावरून एक साधी वही निघते. दोनशे पानी, रेघांची, किराणा दुकानात मिळते ती. चार रकाने: काय दिसलं, मला काय वाटलं होतं, खरं कारण काय निघालं, पुन्हा होऊ नये म्हणून कोणती चाचणी घातली. दुसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच लोक गाळतात, कारण तिथे आपली चुकीची समजूत स्वतःच्या अक्षरात लिहावी लागते. एका नोंदीला दहा मिनिटं पुरतात. आठवड्याने तिसरा रकाना हाताने झाकायचा आणि आठवून पाहायचं, मग महिन्याने. सहा महिन्यांनी वही चाळली की एक वेगळीच गोष्ट दिसते: चुका विखुरलेल्या नसतात. तारखा आणि वेळा यांच्या सहा, मराठी मजकुराच्या नऊ, एकाच वेळी दोन काउंटरवरून बिल निघण्याच्या चार, असे ढीग पडलेले असतात. पुढचं काय शिकायचं हे सगळ्यात मोठा ढीग सांगतो. लोक काय शिकताहेत हे पाहायची मग गरज उरत नाही.

मालक म्हणून शिकायचं असेल तर जागा दुकानातल्या काउंटरच्या मागे आहे. संध्याकाळी सहा ते नऊ, स्टुलावर, तोंड बंद ठेवून. “सॉफ्टवेअर कसं वाटतं?” असं विचारलं की दुकानदार “झकास” म्हणतो, तो भला माणूस असतो. त्यापेक्षा मोजावं: एका बिलाला किती कळा दाबल्या, माऊसला किती वेळा हात गेला, कुठे त्याने कागदावर आकडेमोड केली. कागदावर केलेली प्रत्येक आकडेमोड हे तुमच्या सॉफ्टवेअरमधलं भोक असतं. उधारीची वेगळी वही अजून चालू असेल तर उधारीचं पान कोणी वापरत नाही, मग त्यावर कितीही मेहनत घेतलेली असो.

पैशांचंही तसंच मोजावं. गिऱ्हाईकाला मराठीत एसएमएस पाठवायची सोय दिली की सगळे खूश होतात, महिन्याचं बिल येईपर्यंत. रोमन लिपीत एका संदेशात १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७० संकेत. संदेश लांबला तर प्रत्येक तुकड्यात ६७. म्हणजे १५० संकेतांचा मराठी मजकूर तीन संदेशांच्या पैशांत जातो. आणि गमतीचा भाग: मजकूर पूर्ण इंग्रजी असला पण त्यात ₹ हे एकच चिन्ह आलं, तरी सगळा संदेश युनिकोडमध्ये जातो आणि लांबीप्रमाणे तिपटीपर्यंत पैसे पडतात. हे ज्याला माहीत आहे तो मराठी संदेश ६५ संकेतांत बसवायला शिकतो, जी स्वतःच एक छान भाषिक कसरत आहे.

स्वतःची वसुली हा बहुतेक तंत्रज्ञ मालकांचा कच्चा विषय. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु सेवा-उद्योगाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून उशीर करणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी आयकरात वजा मिळतो. बिलावर उद्यम क्रमांक छापायला एक ओळ लागते. मार्चमध्ये समोरच्याचा सीएच मग आपणहून फोन करतो. ही तरतूद १९६१ च्या कायद्यातल्या कलम ४३बी मध्ये आली. २०२५ चा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा, आणि त्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत. क्रमांक पाठ करणाऱ्याला पुन्हा पाठ करावं लागतं. ४५ दिवस का, कोणाला, आणि चुकलं तर काय, हे समजलेल्याला फक्त नवं पान शोधावं लागतं. फॉक्सप्रोचंच झालं हे.

वेळ मिळत नाही ही तक्रार खरी आहे, पण ती महिनाभर सारखी खरी नसते. महिन्याला विवरण भरणाऱ्यांचं जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण) अकरा तारखेला आणि जीएसटीआर-३बी (कर भरण्याचं विवरण) वीस तारखेला असतं. बिलिंग सॉफ्टवेअरवाल्याचा फोन ९ ते ११ आणि १८ ते २० या दिवसांत थांबत नाही. त्या दिवसांत ‘रोज एक तास अभ्यास’ असा संकल्प करणं म्हणजे तो मोडायची व्यवस्था करणं. मोकळे दिवस २१ पासून महिनाअखेरपर्यंतचे. त्यात दोन सकाळी दोन-दोन तास, फोन दुसऱ्याकडे देऊन: एक जुन्या थरासाठी, एक वहीतल्या सर्वात मोठ्या ढिगासाठी. वापरात असलेल्या लायब्रऱ्यांच्या बदलांच्या याद्या चाळायला अर्धा तास पुरतो. तिथे फक्त दोनच शब्द शोधायचे, ‘काढून टाकलं’ आणि ‘आधार संपला’. मार्च मात्र वेगळा. १ एप्रिलला बिलांची नवी मालिका सुरू होते, म्हणून त्या आधीच्या आठवड्यात एका जुन्या संगणकाची तारीख पुढे ढकलून दोन काउंटरवरून, इंटरनेट बंद ठेवून, बिलं फाडून पाहायची. एकाच क्रमांकाची दोन बिलं निघतात का ते तेव्हाच कळतं.

अशा एखाद्या वहीचं पान उघडलं तर त्यावर साधारण असं असेल. ‘काय दिसलं: १०० च्या मालावर १००.०१. काय वाटलं होतं: प्रिंटरची चूक. खरं कारण: विषम पैशांचे दोन सारखे भाग होत नाहीत. चाचणी: १ ते १०००, सर्व दर.’ त्याखाली: ‘काय दिसलं: कऱ्हाडचं गिऱ्हाईक नावाने सापडत नाही, मोबाइल नंबरने सापडतं. काय वाटलं होतं: नोंदच नाही.’ आणि पुढचे दोन रकाने अजून कोरे.